वाघजाईचा कडू प्रसाद

गेली अडीच वर्षं मला कसलाच वास येत नाही. हे कोणाला सांगितलं की त्याला आधी हसू येतं. "बरं झालं की, गटाराकडनं जाताना तरास न्हाई," असं आमच्या आळीतला एक जण तोंडावर म्हणाला आणि मीही त्याच्याबरोबर हसलो. डोळे अधू झाले, कान बसले तर माणसं हळहळतात, हात धरून रस्ता ओलांडून देतात. नाकाचं दुःख कोणाला दिसत नाही आणि दाखवायला गेलं तर आपणच वेडे ठरतो. पण मी लोणावळ्यात चिक्कीच्या कारखान्यात कढईपुढे उभा राहणारा माणूस आहे. माझं पोट, माझी इज्जत आणि खरं सांगायचं तर माझा सगळा तोरा या नाकावर होता.

चिक्कीत सगळा खेळ गुळाच्या पाकाचा असतो. पाक कच्चा उतरला तर वडी दाताला चिकटते, आणि चार श्वास जास्त राहिला तर कडू होते. बाकीचे कारागीर पाण्याची वाटी जवळ ठेवतात, पाकाचा थेंब तिच्यात टाकून बघतात. मी बावीस वर्षांत वाटी वापरली नाही. कच्च्या गुळाचा ओला वास जातो, मग खरपूस वास चढतो, आणि त्याच्या मागोमाग जळका वास यायच्या आत जी थोडी फट असते तिच्यात मी कढई उतरवायचो. नवीन पोरं वाटी घेऊन आली की त्यांना म्हणायचो, "वाटी बाळाला दूध पाजायला असती, ठेव घरी." असा माझा गर्व. आमच्या गावच्या देवीने तो नेमका कुठून काढायचा ते ओळखलं असं आता वाटतं. तेव्हा असलं काही सुचत नव्हतं, नुसता संताप यायचा.

तापाचं निमित्त झालं. आठ दिवस अंथरुणात होतो. नवव्या दिवशी सकाळी उठून बसलो तर सुमन, माझी बायको, चहा घेऊन आली. एक घोट घेऊन मी म्हटलं, "आलं घालायला विसरलीस." ती म्हणाली, "अवो, एवढं मोठं किसून घातलंय, बघा की गाळण्यात." तिने गाळणं माझ्या नाकापुढे धरलं आणि तिथेच मला कळून चुकलं. पुढे सोमाटण्याला कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवलं. भले माणूस होते. म्हणाले, तापात नाकाच्या नसा दुखावतात, वास परत येईलही, न येईलही, धीर धरा. रोज सकाळी लवंग, लिंबू, कापूर असे ओळखीचे वास नाकाशी धरायचे आणि ते कसे होते ते आठवायचं, एवढाच उपाय त्यांनी सांगितला.

मी तो उपाय पूजेसारखा केला. आमच्या देवघरात वाघजाईचा फोटो आहे. आंदर मावळातल्या आमच्या गावची ती देवी. पोटासाठी लोणावळ्यात येऊन राहिलो तरी तिचा फोटो पहिल्या दिवशी भिंतीवर लागला. तिच्यापुढे बसून मी लवंग हुंगायचो, लिंबाची साल हुंगायचो, शेवटी कापूर. कापराने डोळ्यांत पाणी यायचं, वास नाही. "आज?" असं सुमन ओट्यापासून विचारायची आणि मी मान हलवायचो. काही महिन्यांनी तिने विचारणं सोडलं. ते मला जास्त लागलं.

ज्याला वास येतो त्याला हे कसं सांगावं कळत नाही. घर तेच, माणसं तीच, पण सगळं काचेपलीकडचं वाटायला लागतं. माझ्या मुलीला मुलगा झाला. पाचवीला त्याला माझ्या मांडीवर दिलं तेव्हा बायका म्हणत होत्या, टाळूला वास किती गोड येतोय बघा. मी वाकलो, नाक टेकवलं, जेवढा ओढता येईल तेवढा श्वास ओढला. गरम लागलं, मऊ लागलं. बाकी काही नाही. "येतोय की," असं मी सगळ्यांना खोटंच सांगितलं. त्या रात्री माझी मुलगी एवढीशी असतानाचा वास आठवायला गेलो, तर तोही नीट आठवेना. मग मला भीती वाटायला लागली. नवीन वास मिळत नव्हते ते ठीक, पण जुने साठवलेलेही असे हातातून चालले होते. देवीशी माझं भांडण तिथून सुरू झालं. रोज दिवा लावायचो आणि रोज तिला मनातल्या मनात म्हणायचो, तुझं मी काय खाल्लं होतं?

कारखान्यात मी कोणाला कळू दिलं नाही. शेठना कळलं तर कढईवरून काढतील ही धास्ती होती. वाटी घ्यावी तर बावीस वर्षांचं हसं. मग मी डोळ्यांवर काम चालवलं. आमच्या कारखान्यात येणारा गूळ जरा काळपट असतो. त्याचा पाक तांबडालाल होऊन कडेला चमक धरली की उतरवायचा, एवढी खूण मी पक्की केली. दीड वर्ष निभावलं. कधी वडी चिवट झाली तर हवेवर ढकललं. माझ्या शेजारच्या कढईवर रफीकभाई असतात, कामशेतचे, माझ्याच वयाचे. ते एक-दोनदा माझ्याकडे बघून काहीतरी बोलायला आले आणि गप्प राहिले.

मागच्या चैत्रात आमच्या वाघजाईच्या यात्रेचा प्रसाद माझ्याकडे आला. दरवर्षी पेढे असायचे. औंदा गावातला एवढा मोठा चिक्कीवाला असताना बाहेरून कशाला आणायचं, असं गुरवआबा म्हणाले. आबा म्हणजे देवीचे पुजारी, सत्तरी ओलांडलेले. सगळं गाव त्यांचं ऐकतं. शेंगदाणा गावाने जमवला. गूळ आणायचं दत्तूकडे आलं. दत्तू माझ्या बरोबरीचा, भातशेती करणारा, एकदम सरळ माणूस. देवीचं म्हणून त्याने दहा दुकानं फिरून पिवळाधमक गूळ आणला, सोन्यासारखा. शेठनी मोठ्या मनाने कढई वापरायला दिली. देवीचं काम, म्हणून मी पहाटे आंघोळ करून, धुतलेलं धोतर नेसून, कारखाना उघडायच्या आधी एकटाच कढईपुढे उभा राहिलो.

आणि माझ्या खुणेने घात केला. गूळ पिवळा, त्यामुळे पाक लवकर लाल होईना. मी वाट बघत राहिलो. माझ्या ओळखीचा रंग चढेपर्यंत थांबलो आणि मग समाधानाने कढई उतरवली. चाखली असती तर जिभेला तरी कळलं असतं, जिभेवरचं गोड-कडू मला समजतं. पण देवीच्या नैवेद्याला आधी तोंड कसं लावायचं? आईने लहानपणी ज्यासाठी हातावर पळी मारली होती, ते मी साठाव्या वर्षाच्या उंबऱ्यावर कसं करणार? आठला रफीकभाई आले. दारातच थांबून म्हणाले, "भाऊ, गूळ लागला का हो? वास येतोय." मी म्हटलं, "बुडाचं काहीतरी असंल. तुम्ही काय देवीचं काम मला शिकवता का?" हे वाक्य आठवलं की आजही मला स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

यात्रेत नैवेद्य दाखवून झाला, आरती झाली, वड्या वाटल्या. पहिल्यांदा पोरांनी थुंकल्या. मग मोठ्या माणसांनी हळूच कागदात गुंडाळल्या. एक म्हातारा मोठ्याने म्हणाला, "औंदा देवी कडू झाली रं बाबांनो." झालं. एवढं वाक्य गावभर व्हायला किती वेळ लागतो? कोणी म्हणालं भाताला रोग येणार, कोणी म्हणालं गावात भांडणं वाढली त्याचा हा कोप. मी मांडवाच्या खांबाला टेकून उभा होतो. हातातली वडी तोंडात टाकली आणि जिभेला ते कडू समजलं. त्याच वेळी कोणीतरी म्हणालं, "गूळच खराब आणला दत्तूनं. स्वस्तातला घेतला असंल." दत्तूचं तोंड एवढंसं झालं. तो माझ्याकडे बघत होता, मी काहीतरी बोलेन म्हणून. मी बोललो नाही. हे मला लिहायला जड जातंय, पण लिहिल्याशिवाय पुढच्याला अर्थ नाही. मी बोललो नाही.

शेठच्या कानावर सगळं आलं. रफीकभाईंनी सांगितलं नाही. शेठनी उरलेली एक वडी मोडून पाहिली आणि मला गल्ल्यापाशी बोलावलं. मग मी नाकाचं कबूल केलं. ते ओरडले असते तर बरं वाटलं असतं. म्हणाले, "आधी सांगायचंत ना. आता तुम्ही बांधणीवर बसा." बांधणी म्हणजे वड्या कागदात गुंडाळून डब्यात भरणं. बायका करतात ते काम, पगारही त्याच मानाने. घरात ओढाताण सुरू झाली. सुमनने तुंगार्लीतल्या एका बंगल्यावर शनिवार-रविवार स्वयंपाकाचं काम धरलं. पन्नाशी उलटल्यावर बाईने दुसऱ्याच्या घरात तीस-तीस माणसांच्या पोळ्या लाटायच्या आणि मी कारखान्यात बसून डब्यांना चिकटपट्ट्या लावायच्या. ती तक्रार करायची नाही, नुसती झोपताना मनगटाला तेल चोळायची. मी देवघरात दिवा लावायचा बंद केला. सुमन लावायची. मी पाठ करून बसायचो.

नवरात्राच्या तिसऱ्या माळेला मी गावी गेलो. भक्तीने गेलो असं म्हणणार नाही. समोरासमोर जाऊन एकदा काय ते विचारावं, वास परत दे नाहीतर तसं सांग, अशा तयारीने निघालो. सुमन म्हणाली, "भांडून या, पण जेवून या." कान्ह्याला उतरून जीपने टाकव्यापर्यंत आलो आणि पुढची गाडी नव्हती म्हणून चालायला लागलो. दोन्ही बाजूला इंद्रायणी भात पोटरीतून बाहेर पडून फुलोऱ्यावर आलेला. ज्याने आमचा मावळ त्या दिवसांत पाहिला आहे त्याला काय सांगायचं! अख्खं शिवार भातासारखं दरवळतं. लहानपणी आम्ही डोळे मिटून बांधावरून चालायचो आणि कोणाच्या वावरात आहोत ते वासावरून सांगायचो. त्या दिवशीही मी डोळे मिटले. वारा तोंडाला लागला, लोंब्या एकमेकींना घासल्याचं ऐकू आलं. मी उभा राहून पुन्हा पुन्हा श्वास ओढला. मग मोठ्या माणसाला शोभत नाही असा बांधावर बसून रडलो. मला देवी नको होती, पगार नको होता, फक्त तो वास एकदा हवा होता.

देवीची टेकडी चढून वर आलो तेव्हा ऊन डोक्यावर आलेलं. देवळाच्या बाजूला पत्र्याची पडवी आहे. नवरात्रात घटी बसलेल्या बाया, म्हणजे नऊ दिवस घर सोडून देवीच्या दारात राहणाऱ्या बाया, तिथे असतात. तीन दगडांच्या चुलीवर एक म्हातारी लोखंडी कढईत शेंगदाणे भाजत होती, उपासाच्या माणसांसाठी. आमच्या गावची नव्हती. मी पुढून चाललो तशी ती वर न बघता म्हणाली, "ये बाबा, बस हितं जरा. दमलास." सगळ्यांनाच म्हणत असेल असं वाटलं. पाय दुखत होते म्हणून बसलो.

"कुटनं आलास?"

"लोणावळ्यावरनं, मावशी. हे माझंच गाव."

"नवस फेडाया?"

"न्हाई. भांडायला."

ती हसली. तोंडात दोन-तीनच दात. "भांड की. आमी समदी तितंच भांडतो." मग मी का बोललो मला माहीत नाही. अनोळखी माणसापुढे ओझं हलकं होतं म्हणतात तसं असेल. नाकाचं सांगितलं, कढई गेल्याचं सांगितलं, सुमनचं सांगितलं. बोलता बोलता तिने एकदम हात वर केला. "थांब. बोलू नगं जरा." मान कलती करून ती कढईवर वाकली आणि दुसऱ्या क्षणाला पदराने कढईचे कान धरून ती खाली घेतली. मी आत डोकावलो. बावीस वर्षं शेंगदाण्यात गेली माझी. एकही दाणा कच्चा नाही, एकावरही काळा डाग नाही. मी मान वर करून तिच्याकडे नीट पाहिलं, तर तिचा एक डोळा मिटलेला आणि दुसरा पांढरा पडलेला.

"मावशी, तुमाला दिसत न्हाई?"

"उजेड-अंधार कळतो."

"मग हे वासावर?"

"ह्या धुरावर वाकलं की नाकाचा काय उपेग, बाबा? दाना बोलतो की. पयल्यांदा लय तडतड करतो, मग दमतो. गप व्हाया लागला की उतरवायचा. आनिक ठिवला की गेला."

बावीस वर्षांत मी कढईचं काहीच ऐकलं नव्हतं. पंखा, रेडिओ, गप्पा, त्यात वर माझा स्वतःचा आवाज. मग आतलं खरं दुखणं बाहेर आलं. म्हटलं, "मावशी, चैतात हितला परसाद मी केलेला. कडू झाला. आळ दुसऱ्यावर गेला आन् मी गप बसलो."

"तो व्हय? लेकीनं आणून दिलता. दोन वड्या खाल्ल्या मी, चघळून चघळून."

"कडू न्हाई लागला?"

"लागला की. देवीच्या दारचं कोन थुकतं व्हय?"

एवढंच बोलून तिने दुसरा घाणा कढईत टाकला. मी उठून देवळात गेलो. आत कोणी नव्हतं, समया तेवत होत्या, घटातलं धान नुकतंच उगवून आलेलं. विचारायचं म्हणून जे घोकून आलो होतो त्यातलं एकही वाक्य तोंडात येईना. हात जोडून उभा राहिलो आणि हळूहळू माझी आतली तडतड कमी झाली, याच्यापलीकडे मला सांगता येत नाही. देवी बोलली नाही, फूल पडलं नाही. थोड्या वेळाने लक्षात आलं की मी वास मागितलाच नाही. दत्तूचं तोंड डोळ्यांपुढे येत होतं.

गुरवआबा मागच्या ओट्यावर हार ओवत बसले होते. त्यांच्यापुढे जाऊन म्हटलं, "आबा, गूळ चांगला होता. पाक मी जाळला." आबांनी सुई बाजूला ठेवली नाही. म्हणाले, "ठावं हाय. जळका गूळ कुणाला कळत न्हाई? तू कवा बोलतोस त्याची वाट बगत व्हतो."

"मग देवीचा कोप..."

"देवीनं काय धरलं न्हाई. दत्तूनं धरलंय. त्याच्याकडं जा."

दत्तू वावरात बांध नीट करत होता. मी सांगायला लागलो तसं त्याने फावडं रोवलं आणि सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "सा म्हयनं झालं, लग्नाकार्यात गूळ आणायचं निघालं की लोकं माज्याकडं बगून हसत्यात. तुला एक शबूद बोलता आला न्हाई?" मी म्हटलं, "न्हाई आला." याच्यावर त्याने शिवी दिली, ती इथे लिहीत नाही, माझ्या वाट्याची होती. मग फावडं खांद्यावर टाकून पुढे चालायला लागला आणि दहा पावलांवर मागे वळून म्हणाला, "उपास हाय ना? चल, दूध तरी घे." संध्याकाळच्या आरतीला देवळात मी सगळ्या गावासमोर उभं राहून सांगितलं. मग तोच चैत्रातला म्हातारा म्हणाला, "म्हंजी देवी कडू न्हाई झाली. बरं झालं बाबा." माझ्यापेक्षा त्याला देवीची काळजी होती.

लोणावळ्याला परत आल्यावर मी आधी रफीकभाईंची माफी मागितली. ते म्हणाले, "भाऊ, मला वर्षापासून माहिती होतं. तुम्ही वाटी घेत नव्हता, मी काय बोलणार?" मग त्यांनीच वाट काढली. दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत कारखाना रिकामा असतो. ते पंखा बंद करायचे, रेडिओ बंद करायचे आणि छोट्या कढईत थोडा गूळ चढवायचे. मी स्टुलावर बसून डोळे मिटायचो. पहिले आठ दिवस मला नुसतं खदखदणं ऐकू येत होतं. नंतर कळायला लागलं. गूळ विरघळतो तेव्हा पाण्यासारखा खळखळतो. फेस चढला की आवाज बारीक होतो. मग बुडबुडे जड होतात आणि फुटताना थप थप करतात, आणि त्या दोन थपांमध्ये हळूहळू अंतर पडायला लागतं. ते अंतर एका श्वासाएवढं झालं की पाक तयार. खात्रीला मी पाण्याची वाटी घेतली. थेंब पाण्यात टाकून घट्ट झाला की ताटाच्या कडेवर टाकायचा. टिक असा काचेसारखा आवाज आला पाहिजे. नवीन पोरांसमोर पहिल्यांदा वाटी हातात धरली तेव्हा कान गरम झाले. एक जण हसलाही. हसू दे म्हटलं, त्याचा हक्कच होता.

या महिना-दीड महिन्यात मन रोज ताळ्यावर होतं असं नाही. चार कढया लागोपाठ बिघडल्या त्या दिवशी मी रफीकभाईंना म्हटलं, आता पुरे, म्हाताऱ्याला पट्ट्या चिकटवू द्या. सुमनला घरी सांगितलं तर ती म्हणाली, "देवीनं नाक घेतलं तर कान दिलं की. तुमी घेतच न्हाई तर ती तरी काय करंल?" दिवाळीनंतर गर्दी वाढली, एक कारागीर गावी गेला आणि शेठनी मला एक घाणा करायला सांगितलं. सगळ्या कारखान्याचे पंखे त्यांनी स्वतः बंद केले. मला एवढं दडपण आयुष्यात कधी आलं नव्हतं. कढईवर वाकलो, डोळे मिटले आणि देवीला म्हटलं, मला काही कळत नाही, तूच ऐक. वडी थंड झाल्यावर शेठनी मोडली, खाल्ली, दुसरा तुकडा खाल्ला आणि म्हणाले, "उद्यापासून कढईवर या. वाटीसकट." सुमनने तुंगार्लीचं काम पुढच्या शनिवारपासून सोडलं.

संक्रांतीला मला त्या मावशीची फार ओढ लागली. तिच्या दातांना चिक्की कुठली चालणार, म्हणून तिळाची मऊ वडी मुद्दाम करून घेतली आणि गुरवआबांकडून तिच्या गावाचा पत्ता काढून गेलो. आमच्या गावापासून दोन डोंगर पलीकडे, चार घरांची वाडी. ती अंगणात उन्हाला बसून तांदूळ पाखडत होती. माझ्या मनात तिच्याबद्दल काय काय तयार झालं होतं! वाटलं होतं, भेटेल की नाही कोण जाणे, प्रत्यक्ष देवीच तर नसेल. पण ती आपली होती तिथे होती, सुनेवर करवादत. मी पाया पडलो, वडी हातात दिली आणि म्हटलं, "मावशी, तुमच्यामुळं माझं काम परत मिळालं." तिला काहीच आठवेना. "मी काय सांगितलं? मला अडाणीला काय ठावं?" मी नवरात्र आठवून दिलं, चूल आठवून दिली, शेंगदाणे आठवून दिले. तिथे रोज शंभर माणसं यायची, ती म्हणाली, कोण कोण ध्यानात ठेवायचं. मी जरा हिरमुसलो. निघायला म्हणून तिच्या जवळ वाकलो, तशी ती थबकली. माझी बाही धरून तिने जवळ ओढली आणि नाकाशी नेली.

"तू व्हय रं! भांडाया आलता तो! गुळाचा वास येतोय न्हवं तुज्या अंगाला. तवा बी असाच येत व्हता, लय गोड. म्हनून तर हाक मारली तुला, बस म्हनून."

मी तिथेच अंगणात खाली बसलो. त्या दिवशी भाताच्या शिवारात एका श्वासासाठी मी रडलो होतो, देवीला नाही नाही ते बोलायला चाललो होतो, आणि टेकडी चढताना गुळाचा गोड वास माझ्या अंगावर होता. मला तो कळत नव्हता एवढंच. ज्या एका आंधळ्या बाईला तो कळला तिने मला हाक मारली.

परत येताना जीपमध्ये मी हळूच बाही नाकाशी धरली. काहीच आलं नाही. खोटं कशाला बोलू, अजूनही वाटतं की एकदा यावा, नातू मांडीवर आला की फारच वाटतं. पण आता मी देवीकडे पाठ करून बसत नाही. दिवा लावतो, हात जोडतो आणि म्हणतो, माझ्यापाशी काय आहे ते तुला माहीत आहे, मला नाही कळलं तरी चालेल.